उधन्याने मत दिले, सुरतेला ते देता आले नाही

७ मे २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या तिसऱ्या टप्प्यात गोव्यातील दोन्ही मतदारसंघांबरोबर गुजरातमध्येही मतदान झाले. सुरत शहराच्या दक्षिणेकडील उधन्यात त्या दिवशी मतदान केंद्रे उघडी होती. तेथून काही किलोमीटर उत्तरेला, त्याच महापालिकेच्या हद्दीतील जुन्या शहरात मात्र एकही मतदान यंत्र मांडलेले नव्हते. गुजरातच्या २६ जागांपैकी २५ जागांसाठीच लोक रांगेत उभे राहिले. सव्विसाव्या, म्हणजे सुरतच्या जागेचा निकाल पंधरा दिवस आधीच, २२ एप्रिलला लागून गेला होता. भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे त्या दिवशी जाहीर झाले आणि अठराव्या लोकसभेचे ते पहिले निर्वाचित सदस्य ठरले. देशभरातील मतमोजणीला तेव्हा ४३ दिवस बाकी होते.

या घटनेवर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले आणि निकालाच्या गदारोळात ती मागेही पडली. परंतु लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते आणि तिच्या सदस्यत्वाचा प्रश्न शपथविधीने संपत नाही. सभागृहात कोण बसणार, कोण बाहेर जाणार आणि रिकामी झालेली जागा केव्हा भरली जाणार, या प्रत्येक टप्प्यावर मतदाराला कितपत स्थान आहे, हे तपासायचे झाल्यास उधना ही फार बोलकी जागा आहे.

एक शहर, दोन मतदारसंघ

उधना म्हणजे यंत्रमागांचे आणि औद्योगिक वसाहतीचे गाव. पुढे ते शहराने आपल्यात सामावून घेतले. पश्चिम रेल्वेच्या मुंबई-सुरत मार्गावर सुरतच्या अलीकडचे हे जंक्शन. येथूनच तापी खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेरमार्गे जळगावकडे जाणारा लोहमार्ग फुटतो. याच मार्गाने गेल्या काही दशकांत खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेत उतरली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज मराठी आणि अहिराणी सहज कानावर पडते. ओडिशा, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले कामगारही याच वस्त्यांत राहतात.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत नवसारी हा लोकसभा मतदारसंघ नव्याने अस्तित्वात आला. नाव नवसारीचे असले तरी त्याच्या सात विधानसभा क्षेत्रांपैकी लिंबायत, उधना, मजुरा आणि चोर्यासी ही चार क्षेत्रे सुरत शहर व त्याच्या परिसरातील आहेत. त्यामुळे उधन्याचा रहिवासी कर भरतो सुरत महापालिकेला आणि खासदार निवडतो नवसारीचा. २००९ पासून ते खासदार आहेत चंद्रकांत रघुनाथ पाटील, अर्थात सी. आर. पाटील. जळगाव जिल्ह्यात जन्मलेला मराठी माणूस गुजरातमधून सलग चार वेळा लोकसभेवर जातो, राज्यातील सत्ताधारी पक्षाचा प्रदेशाध्यक्ष होतो आणि २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री होतो, ही स्थलांतरितांच्या राजकीय प्रवासातील लक्षणीय घटना आहे. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील यांचीही २०१२ पासून सलग तिसरी कारकीर्द सुरू आहे.

पाटील यांचे मताधिक्य २००९ मध्ये सुमारे १ लाख ३२ हजार होते. २०१४ मध्ये ते साडेपाच लाखांवर, २०१९ मध्ये ६ लाख ८९ हजारांवर आणि २०२४ मध्ये ७ लाख ७३ हजारांवर गेले. म्हणजे उधन्यात मतदान झाले तेव्हाही निकालाविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही तेथे यंत्रे मांडली गेली, विरोधी उमेदवाराची मते मोजली गेली, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबणाऱ्यांचीही नोंद झाली. निकाल ठाऊक असणे आणि निकाल लावला जाणे यांत जो फरक आहे, तो उधन्याच्या वाट्याला आला. सुरतेच्या वाट्याला आला नाही.

सुरतेत नेमके काय घडले

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३३ नुसार उमेदवारी अर्जावर उमेदवाराबरोबर त्या मतदारसंघातील सूचकाची स्वाक्षरी लागते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. इतरांना दहा लागतात. काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या अर्जांवरील स्वाक्षऱ्या आपल्या नव्हेत, असे त्यांच्याच सूचकांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले. हे सूचक त्यांचे नातलग व व्यवसायातील भागीदार होते. २१ एप्रिलला कुंभाणी यांचे अर्ज बाद झाले. पक्षाने पर्यायी म्हणून उभे केलेल्या उमेदवाराचा अर्जही अशाच कारणाने टिकला नाही. दुसऱ्या दिवशी, माघारीची मुदत संपण्यापूर्वी, बहुजन समाज पक्षाच्या उमेदवारासह उरलेल्या आठही जणांनी माघार घेतली. रिंगणात एकच नाव राहिले. काँग्रेसने नंतर कुंभाणी यांना सहा वर्षांसाठी निलंबित केले.

त्यापुढे कायद्यात वाट एकच होती. कलम ५३(२) सांगते की, उमेदवारांची संख्या जागांच्या संख्येइतकी असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने त्यांना तत्काळ निर्वाचित घोषित करावे. एका जागेसाठी एकच उमेदवार असेल तर मतदान घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अधिकाऱ्याने कायद्याचे पालन केले, यात वाद नाही. वाद आहे तो कायद्याच्या त्या कलमाविषयी. सुरत मतदारसंघातील सोळा लाखांहून अधिक नोंदणीकृत मतदारांना या साऱ्या प्रक्रियेत कोठेही विचारले गेले नाही. अर्ज उमेदवाराचा, स्वाक्षरी सूचकाची, आक्षेप प्रतिस्पर्ध्याचा, निर्णय अधिकाऱ्याचा आणि माघार अन्य उमेदवारांची. मतदार या व्यवहारात पक्षकारच नव्हता.

‘भाजप तेथे जिंकणारच होता,’ हे समर्थन तेव्हा ऐकू आले. ते वस्तुस्थितीला धरून आहे. १९८९ पासून ही जागा भाजपकडे आहे. काशीराम राणा यांनी ती सलग सहा वेळा जिंकली, नंतर दर्शना जरदोश यांनी तीनदा, आणि २०१९ मध्ये जरदोश यांचे मताधिक्य साडेपाच लाखांच्या जवळ होते. पण हाच युक्तिवाद उलटही वाचता येतो. जी जागा इतक्या सहज जिंकता येत होती, तेथे मतदान होऊ देण्यात कोणाचे काही बिघडणार नव्हते. सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेची जागा बिनविरोध ठरण्याचा प्रसंग १९८९ नंतर, म्हणजे ३५ वर्षांनी, आला तो अशा जागी.

इंदूरच्या मतदाराला मिळालेले बटण

त्याच निवडणुकीत आणखी एका शहरात असेच घडू पाहत होते. होळकरांच्या इंदूरमध्ये काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिलला माघार घेतली आणि ते भाजपमध्ये गेले. मुख्य लढतच संपली. मात्र अन्य काही उमेदवार रिंगणात राहिले, त्यामुळे मतदान झाले. काँग्रेसने ‘नोटा’चे बटण दाबण्याचे आवाहन केले. भाजपचे शंकर लालवानी ११ लाख ७५ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले आणि ‘नोटा’ला २ लाख १८ हजारांहून अधिक मते पडली. एका मतदारसंघात ‘नोटा’ला एवढी मते यापूर्वी कधीही मिळाली नव्हती.

निवडणुकीचा निकाल त्याने बदलला नाही. तरीही इंदूरच्या दोन लाखांहून अधिक नागरिकांना आपले म्हणणे अधिकृत दप्तरात नोंदवता आले. सुरतच्या मतदाराला, तो सत्ताधारी पक्षाचा पाठीराखा असो वा विरोधक, ती संधी मिळाली नाही. पाठीराख्यालाही नाही, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. आपल्या उमेदवाराला मत देण्याचा त्याचा आनंदही त्या दिवशी हिरावला गेला.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘नोटा’ची तरतूद करण्याचा आदेश दिला, तेव्हा नकार नोंदवण्याच्या हक्काचा संबंध अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याशी जोडला होता. मग उमेदवार दोन असतील तर हा हक्क आहे आणि एक असेल तर नाही, हे कसे? कलम ५३(२) ला आव्हान देणाऱ्या याचिकेवर एप्रिल २०२५ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा एकमेव उमेदवारालाही किमान काही टक्के मते मिळवणे बंधनकारक करता येईल का, याचा विचार करण्यास न्यायालयाने सरकारला सुचवले. ‘नोटा’ला उमेदवार मानता येत नाही आणि तसा बदल करायचा तर कायदाच बदलावा लागेल, ही निवडणूक आयोगाची भूमिका राहिली आहे. तांत्रिकदृष्ट्या ती चूक नाही. परंतु कायदा बदलण्याचा अधिकार ज्या सभागृहाला आहे, त्याच्या सदस्यांना या बदलाची घाई असण्याचे कारण नाही, हीच खरी अडचण आहे.

बिनविरोध: गौरव आणि गैरवापर

बिनविरोध निवड ही मुळातच वाईट, असे मराठी राजकारणाच्या अभ्यासकाला म्हणता येणार नाही. संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले. चीनच्या आक्रमणानंतरचा तो काळ होता आणि त्या निवडीमागे सर्वपक्षीय सद्भाव होता. गुजरातेत ‘समरस’ ग्रामपंचायतींना, म्हणजे बिनविरोध निवड करणाऱ्या गावांना, सरकार प्रोत्साहनपर अनुदान देते. गावात तंटा नको, हा त्यामागचा विचार.

पण गावपातळीवरही या सद्भावाची दुसरी बाजू दिसली आहे. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी आणि नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे पदांचा लिलाव झाल्याचे आढळल्यावर जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने तेथील ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. जानेवारी २०२६ मधील महापालिका निवडणुकांत तर कल्याण-डोंबिवली, जळगाव आदी ठिकाणी मिळून साठाहून अधिक नगरसेवक मतदानापूर्वीच निवडून आले आणि त्यात सत्ताधारी युतीचे उमेदवार जवळपास सर्वत्र होते. नाशिकची निवड १९६३ मध्ये अपवाद म्हणून लक्षात राहिली. सुरतची निवड अपवाद म्हणून राहील की वहिवाट होईल, ही शंका आता केवळ सैद्धांतिक उरलेली नाही.

रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब

सदस्यत्वाचा प्रश्न निवडणुकीनंतरही मतदाराला बाजूला ठेवूनच सुटतो, याचा एक दाखला सुरतनेच दिला आहे. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी राहुल गांधी यांना मानहानीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्याच दिवशी त्यांचे सतराव्या लोकसभेतील सदस्यत्व रद्द झाल्याची अधिसूचना निघाली. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्टला दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ७ ऑगस्टला ते पुन्हा बहाल झाले. खटल्याच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. पण त्या साडेचार महिन्यांत केरळमधील वायनाडच्या मतदारांना लोकसभेत प्रतिनिधी नव्हता आणि त्यांनी त्यासाठी काही केलेही नव्हते.

त्याहून दीर्घ काळ पुण्याने पाहिला. खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. कायद्यातील कलम १५१-अ प्रमाणे रिक्त जागा सहा महिन्यांत भरायची असते; उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल किंवा निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून प्रमाणित केले असेल, तरच त्यास सूट मिळते. सतराव्या लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून अधिक काळ शिल्लक होता. तरीही पोटनिवडणूक झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ रोजी ती तातडीने घेण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्या आदेशाला स्थगिती दिली. देशातील एक मोठे शहर चौदा महिन्यांहून अधिक काळ लोकसभेत मुके राहिले.

आता नांदेड पाहावे. अठराव्या लोकसभेतील तेथील सदस्य वसंतराव चव्हाण यांचे २६ ऑगस्ट २०२४ रोजी निधन झाले. २० नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेबरोबरच तेथे पोटनिवडणूक घेण्यात आली आणि त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण अवघ्या १,४५७ मतांनी निवडून आले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती म्हणून नांदेडची जागा तीन महिन्यांत भरली. पुण्याच्या वेळी तसा योग नव्हता. जागा भरण्याची निकड मतदाराच्या हक्कावरून ठरण्याऐवजी यंत्रणेच्या सोयीवरून ठरू लागली की काय होते, ते या दोन शहरांच्या तुलनेतून स्पष्ट होते. आणि नांदेडचे १,४५७ हे अंतर हेही सांगते की, मतदान झाल्याशिवाय जनमत कोणीही गृहीत धरू नये.

गोव्याने काय पाहावे

गोव्यातील वाचकाला हा सारा प्रकार दूरचा वाटण्याचा संभव आहे. नवसारी मतदारसंघात २०२४ मध्ये सुमारे २२ लाख मतदार होते आणि त्यांना खासदार एक. गोव्यात सारे मिळून १२ लाखांच्या आत मतदार आणि खासदार दोन. राज्याराज्यांतील जागांचे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठलेले असल्याने, आणि लहान राज्यांना राज्यघटनेने लोकसंख्येच्या काटेकोर प्रमाणातून सूट दिल्याने, हे अंतर पडले आहे. उधन्यासारख्या स्थलांतरितांच्या वस्त्या फुगत गेल्या, तसे तेथील एका मताचे वजन घटत गेले.

मात्र लहान मतदारसंघाचे वजन दुहेरी असते. २०२४ मध्ये दक्षिण गोव्याचा निकाल १३,५३५ मतांनी लागला. जेथे इतक्या मतांवर जागा फिरते, तेथे प्रत्येक अर्ज, प्रत्येक स्वाक्षरी आणि प्रत्येक माघार यांना मोल येते. साडेपाच लाखांच्या मताधिक्याच्या जागेवर मतदान टळले, तर निकाल बहुधा बदलत नाही. तेरा हजारांच्या जागेवर टळले, तर बदलू शकतो. शिवाय दोनच खासदार असलेल्या राज्यात एक जागा वर्षभर रिकामी राहिली, तर त्या राज्याचे अर्धे प्रतिनिधित्व जाते. पुण्याच्या वेळी महाराष्ट्राचे इतर सदस्य तरी उरले होते.

उधन्यातील स्थलांतरित कामगाराला ही किंमत अधिक नेमकी कळते. कायद्यानुसार मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. ज्याचे नाव गावी राहिले, त्याला २०२४ मध्ये जळगाव वा नंदुरबारसाठी १३ मे रोजी आणि धुळ्यासाठी २० मे रोजी रोजगार बुडवून गाडी पकडणे भाग होते. ज्याने नाव उधन्याला आणले, त्याने कागदपत्रे जमवली, भाड्याच्या खोलीचा पत्ता सिद्ध केला आणि मगच ७ मे रोजी मत दिले. त्याच्याच मागावर काम करणारा, पण घर काही किलोमीटर उत्तरेला असलेला सहकारी तितक्याच खटपटीनंतर यादीत आला होता. त्याला मात्र मतदानाचा दिवसच मिळाला नाही.

यावरचे उपाय अवघड नाहीत. एकच उमेदवार उरला तरी ‘नोटा’सह मतदान घ्यावे आणि एकमेव उमेदवाराला ‘नोटा’हून अधिक मते मिळणे आवश्यक करावे. छाननीत मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज केवळ सूचकाच्या नकारामुळे बाद होत असेल, तर नवा सूचक देण्यास अल्प मुदत द्यावी. पोटनिवडणूक टाळायची असल्यास त्याची कारणे आयोगाने लेखी प्रसिद्ध करावीत. निवडणूक याचिका शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी, हे कायद्यातील वचन प्रत्यक्षात आणावे. एका मतदारसंघात मतदान घेण्याचा खर्च होतो हे खरे. पण तो लोकसभेच्या एका सदस्याला जनतेचा प्रतिनिधी म्हणवून घेता यावे यासाठीचा खर्च आहे.

अठराव्या लोकसभेतील मुकेश दलाल आणि सी. आर. पाटील हे एकाच पक्षाचे, एकाच शहराशी नाते असलेले दोन सदस्य. सभागृहात दोघांच्या मताचे मोल सारखेच. पाटील यांच्या नावापुढे १० लाख ३१ हजार मतांची नोंद आहे. दलाल यांच्या नावापुढे एकाही मताची नाही, विरोधातल्याही नाही. २०२९ मध्ये ही मुदत संपेल तेव्हा सुरतच्या पहिल्यांदाच मतदार झालेल्या कित्येक तरुणांनी आयुष्यातील पहिली लोकसभा निवडणूक मत न देताच ओलांडलेली असेल. उधन्यातील त्यांच्या वयाच्या मुलांच्या बोटावर मात्र त्या दिवशी शाई होती.